कोबॉल, पीएल/वन, सी आणि असेंब्लर: कमीजास्त पॅरामीटरची लिस्ट एकमेकांकडे नीट कशी पाठवायची

एकाने तीन पॅरामीटर पाठवले, समोरचा पाच वाचायला बसला, टेस्टला सगळं सुरळीत चाललं आणि प्रॉडक्शनला सॉक फोर आला, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्रॅम मधेच पडला (असं पडणं म्हणजे ऍबेंड). मेनफ्रेमवर वेगवेगळ्या भाषांतले प्रोग्रॅम एकमेकांना कॉल करतात तिथे हे वारंवार घडतं, आणि दर वेळी दोष भाषेवर टाकला जातो. खरं कारण बहुतेकदा एवढंच असतं की लिस्ट कुठे संपते हे कोणी सांगायचं आणि कोणी तपासायचं हे ठरलेलंच नसतं. खालचे टप्पे झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या ३१ बिटच्या नेहमीच्या कॉलसाठी आहेत, ६४ बिटचं शेवटाकडे वेगळं दिलंय. क्रम मोडू नका, कारण लोक थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतात आणि तिथेच फसतात.

टप्पा १: कोड लिहायच्या आधी करार लिहा

एक छोटी टेक्स्ट फाइल किंवा सबप्रोग्रॅमच्या सुरुवातीची कमेंट पुरेल, पण लिहा. त्यात या गोष्टी हव्यात: कमीत कमी किती पॅरामीटर, जास्तीत जास्त किती, प्रत्येकाचा प्रकार आणि बाइटमधली लांबी, कोणते गाळता येतात, मधला गाळायचा असेल तर त्या जागी काय पाठवायचं, आणि लिस्टचा शेवट कसा कळणार.

शेवट सांगायच्या पद्धती दोनच कामाच्या आहेत. एक, शेवटच्या ऍड्रेसचा सर्वात वरचा बिट ऑन करायचा, ज्याला सगळे व्हीएल म्हणतात. दोन, पहिला पॅरामीटर म्हणून पुढच्या पॅरामीटरची संख्या फुलवर्डमध्ये, म्हणजे चार बाइटच्या जागेत, द्यायची. माझं मत विचाराल तर दोनपेक्षा जास्त भाषा गुंतल्या असतील तर संख्याच द्या आणि बिटही ऑन राहू द्या. आयएमएस या डेटाबेसच्या डीएल/आय कॉलमध्ये हाच धडा दिसतो, पीएल/वनच्या पीएलआयटीडीएलआय कॉलला पॅरामीटरची संख्या पहिली द्यावीच लागते, कोबॉलच्या सीबीएलटीडीएलआयला ती ऐच्छिक आहे कारण तिथे बिटवर भागतं. ती संख्या देताना स्वतःला मोजत नाहीत, फक्त तिच्या पुढचे पॅरामीटर मोजतात. तुमच्या करारातही हे स्पष्ट लिहा, एकाने संख्येलाही धरून मोजलं आणि दुसऱ्याने नाही असं होतंच होतं.

सावधान: नवा ऐच्छिक पॅरामीटर नेहमी शेवटी जोडायचा. मधे घुसवलात तर जुने सगळे कॉलर बिघडले, आणि स्टॅटिक लिंक केलेले, म्हणजे सबप्रोग्रॅम आतच जोडून ठेवलेले लोड मॉड्यूल (तयार प्रोग्रॅम) कुठेकुठे पडलेत ते कुणालाच आठवत नसतं.

टप्पा २: मेमरीत लिस्ट कशी दिसते ते एकदा डोळ्यांनी बघा

रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधल्या क्रमांक दिलेल्या जागा. रजिस्टर १ मध्ये लिस्टचा ऍड्रेस असतो. लिस्ट म्हणजे चार चार बाइटचे ऍड्रेस ओळीने. रजिस्टर १३ मध्ये कॉलरच्या ७२ बाइटच्या सेव्ह एरियाचा (रजिस्टर जपून ठेवायच्या जागेचा) ऍड्रेस, १४ मध्ये परतीचा ऍड्रेस, १५ मध्ये एन्ट्री पॉइंट. आता समजा तीन पॅरामीटर गेलेत, तर डंपमध्ये, म्हणजे मेमरीच्या छापील प्रतीत, लिस्टच्या जागी असं काहीतरी दिसेल:

०००४२०१०
०००४२०१८
८००४२०४०

तिसऱ्याच्या सुरुवातीला जो ८ आहे तोच तो बिट. खरा ऍड्रेस ०००४२०४० आहे. ३१ बिट मोडमध्ये ऍड्रेस ३१ बिटचा असल्यामुळे वरचा एक बिट रिकामा राहतो आणि तो खुणेला वापरतात. या तीन वर्डनंतर मेमरीत जे काही आहे ते लिस्टचा भाग नाही, पण दिसायला ते ऍड्रेससारखंच दिसू शकतं, आणि नेमकं म्हणूनच टेस्टला चालतं. चौथा वर्ड योगायोगाने चालणाऱ्या जागेकडे बोट दाखवत असतो.

तपासा: बिट फक्त संख्या सांगतो. पॅरामीटर किती लांब आहे, पॅक्ड आहे की बायनरी, यातलं काहीही तो सांगत नाही. हा गैरसमज डोक्यातून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ३: पाठवणारी बाजू

*असेंब्लर.* कॉल मॅक्रोमध्ये कंसातल्या लिस्टनंतर व्हीएल लिहावं लागतं, लिंक आणि अटॅच मॅक्रोमध्ये व्हीएल=१. नाही लिहिलं तर बिट ऑन होत नाही, मॅक्रो कुरकूर करत नाही, असेंब्ली स्वच्छ होते. ही यादीतली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे. रीएंट्रंट प्रोग्रॅममध्ये (जो स्वतःच्या कोडच्या जागेत काही लिहीत नाही) लिस्ट फॉर्म आणि एक्झिक्यूट फॉर्म वेगळे असतात, तिथे एक्झिक्यूट फॉर्मवर व्हीएल लिहायला विसरू नका.

आणखी एक, लिस्टची तीच जागा परत वापरताना शिळा बिट उरतो. आधी तीन पॅरामीटर पाठवले, तिसऱ्यावर बिट लागला, मग हाताने फक्त चौथा आणि पाचवा वर्ड भरून पाच पाठवायला गेलात तर तिसऱ्यावरचा बिट तसाच आहे आणि समोरच्याला तीनच दिसणार. त्यामुळे दर कॉलआधी सगळी लिस्ट नव्याने भरा.

पॅरामीटर अजिबात नसेल तर कॉल मॅक्रो रजिस्टर १ ला हात लावत नाही, त्यात आधीचा कचरा तसाच जातो. समोरचा शून्य पॅरामीटर चालवून घेणारा असेल तर कॉलआधी रजिस्टर १ स्वतः शून्य करा.

*कोबॉल.* कॉल युझिंगमध्ये बाय रेफरन्स आणि बाय कंटेंटने पाठवलेल्या लिस्टच्या शेवटी कोबॉल बिट ऑन करतं, वेगळं काही करावं लागत नाही. बाय कंटेंटमध्ये कॉपीचा ऍड्रेस जातो, म्हणून समोरच्याने केलेला बदल परत मिळत नाही, उत्तर हवं असलेला पॅरामीटर बाय रेफरन्सच द्या.

बाय व्हॅल्यू इथे वापरू नका. बाय व्हॅल्यूमध्ये लिस्टच्या वर्डमध्ये ऍड्रेसऐवजी किंमतच बसते, आणि ती किंमत उणे एक असेल तर तिचे सगळे बिट ऑन असतात, म्हणजे वरचाही. समोरचा असेंब्लर प्रोग्रॅम म्हणणार की लिस्ट इथेच संपली. शून्य किंवा धन आकड्यांवर टेस्ट केलंत तर हे कधीच सापडणार नाही.

मधला पॅरामीटर गाळायचा असेल तर त्या जागी ओमिटेड लिहा, तिथे नल, म्हणजे शून्य, ऍड्रेस जातो. शेवटचे ऐच्छिक पॅरामीटर कोबॉलकडून कोबॉललाच जात असतील तर तेही नुसते सोडून न देता ओमिटेडनेच भरा, कारण ते पुढे टप्पा ४ मध्ये कामाला येतं. आणि रनटाइमला संख्या ठरणार असेल तर एका कॉल स्टेटमेंटमध्ये ते जमत नाही, इव्हॅल्युएट करून वेगवेगळे कॉल लिहावे लागतात किंवा पॉइंटरचं टेबल पाठवावं लागतं.

*पीएल/वन.* समोर असेंब्लर असेल तर एन्ट्री डिक्लेअर करताना ऑप्शन्स एएसएम लिहाच. नाही लिहिलं तर कॅरेक्टर स्ट्रिंग, ऍरे, स्ट्रक्चर यांच्यासाठी थेट डेटाचा ऍड्रेस न जाता डिस्क्रिप्टरचा (लांबी-आकाराची माहिती देणाऱ्या वेगळ्या ब्लॉकचा) मामला मधे येतो आणि समोरचा डेटा समजून भलतंच वाचतो. समोर कोबॉल असेल तर ऑप्शन्स कोबॉल. व्हेरिइंग स्ट्रिंग पाठवली तर तिच्या पुढे दोन बाइटची लांबी असते हे लक्षात ठेवून समोरच्या बाजूला तसं ग्रुप आयटेम लिहा, नाहीतर पहिली दोन अक्षरं विचित्र दिसतात आणि शेवटची दोन कापली जातात.

*सी.* फंक्शनसाठी प्राग्मा लिंकेज ओएस लिहा, लिंकेज म्हणजे पॅरामीटर द्यायची पद्धत. तीन टिंबांचं व्हेरिअडिक फंक्शन आणि व्हीएल लिस्ट या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. सीच्या नेहमीच्या लिंकेजमध्ये लिस्टमध्ये किंमतीच बसतात, डबल आला तर तो एकटाच आठ बाइट खातो, आणि शेवटाची खूण काहीच नसते, फॉरमॅट स्ट्रिंग वगैरेवरून फंक्शनने स्वतः ओळखायचं असतं. एक्सपीलिंक या वेगळ्या लिंकेजने कंपाइल केलेल्या ३१ बिट सीमध्ये तर पहिले तीन वर्ड रजिस्टर १, २, ३ मध्येच जातात, तिथे रजिस्टर १ मध्ये लिस्ट शोधणं म्हणजे वाया गेलेला वेळ. ओएस लिंकेज असतानाही शेवटचा बिट लागला की नाही हे गृहीत धरू नका, कंपाइलच्या लिस्टिंगमधला असेंब्लर कोड उघडून कॉलआधीच्या ओळी वाचा. पाच मिनिटांचं काम आहे.

*रेक्स (स्क्रिप्टिंग भाषा).* लिंकएमव्हीएसने कॉल केलं तर प्रत्येक पॅरामीटरच्या आधी दोन बाइटची लांबी जाते, लिंकपीजीएमने केलं तर जात नाही. दोन्हीकडे शेवटचा बिट ऑन असतो. नुसतं लिंक म्हटलं तर वेगळीच लिस्ट, त्यात एका स्ट्रिंगचा ऍड्रेस आणि तिची लांबी. एकच सबप्रोग्रॅम कोबॉलमधूनही कॉल होणार असेल तर लिंकपीजीएम घ्या.

तपासा: पुढे जायच्या आधी प्रत्येक कॉलरसाठी एका वाक्यात उत्तर देता आलं पाहिजे की बिट कोण लावतंय. "आपोआप लागत असेल" हे उत्तर धरायचं नाही.

टप्पा ४: घेणारी बाजू

*असेंब्लर.* तीन पॅरामीटर येणारच म्हणून एका एलएम इन्स्ट्रक्शनमध्ये तीन ऍड्रेस उचलायची सवय असते. ठरावीक लिस्टला ठीक, कमीजास्त लिस्टला नाही. योग्य क्रम असा:

१. रजिस्टर १ शून्य आहे का बघा, असेल तर पॅरामीटर नाहीत, बाहेर पडा.
२. लिस्टचा ऍड्रेस दुसऱ्या रजिस्टरमध्ये घ्या, कारण आत कुठलाही मॅक्रो वापरला की रजिस्टर १ गेलं.
३. आताचा वर्ड उचला आणि त्यातला वरचा बिट काढून टाका.
४. उरलेला ऍड्रेस शून्य असेल तर हा पॅरामीटर गाळलाय असं नोंदवा, नसेल तर वापरा.
५. आता लिस्टमधल्या मूळ वर्डच्या पहिल्या बाइटवर टीएम या बिट तपासणाऱ्या इन्स्ट्रक्शनने हेक्स ८० तपासा. ऑन असेल तर संपलं.
६. ऑफ असेल तर चार बाइट पुढे जा, मोजणी एकने वाढवा, करारातल्या कमाल संख्येपेक्षा जास्त झाली तर चूक म्हणून थांबा.

तिसरा आणि चौथा यांची अदलाबदल केली तर गाळलेला शेवटचा पॅरामीटर पकडता येत नाही, कारण त्या वर्डमध्ये नल अधिक बिट म्हणजे हेक्स ८०००००००  असतं, शून्य नसतं. पाचवा आधी आणला तर शेवटचा पॅरामीटर वापरायच्या आधीच लूप सुटतो, ही चूक कोड रिव्ह्यूमध्ये सहज निसटते. सहावा नाही ठेवला तर व्हीएल विसरलेला एक कॉलर आला की लूप मेमरीत भटकत जातो.

बिट काढायला ३१ बिट मोडमध्ये एलए इन्स्ट्रक्शन स्वतःवरच शून्य डिस्प्लेसमेंटने केली तरी भागतं. २४ बिट मोडमध्ये तीच इन्स्ट्रक्शन वरची पूर्ण बाइट साफ करते, म्हणून प्रोग्रॅम कोणत्या मोडमध्ये चालणार हे आधी ठरवा.

*कोबॉल.* प्रोसीजर डिव्हिजन युझिंगमध्ये कमाल संख्येइतकी नावं लिहा आणि ऐच्छिक प्रत्येकासाठी ऍड्रेस ऑफ अमुक नलशी ताडून बघा, मगच हात लावा. कॉलरने ओमिटेड लिहिलं असेल तर ही तपासणी भरवशाची. कॉलरने शेवटचे पॅरामीटर नुसते लिहिलेच नाहीत तर त्या नावांच्या ऍड्रेसवर विसंबू नका, अशा ठिकाणी टप्पा १ मधली संख्याच वाचा आणि त्या संख्येपलीकडच्या नावांकडे बघूच नका. मूव्ह, इनिशिअलाइझ, एवढंच काय डिस्प्लेसुद्धा नको.

संख्येसाठी पिक एस९(९) कॉम्प-५ घ्या. नुसतं कॉम्प घेतलं तर कंपायलरच्या ट्रंक ऑप्शनप्रमाणे वागणूक बदलू शकते, उगाच कशाला.

*पीएल/वन.* पॅरामीटर ऑप्शनल म्हणून डिक्लेअर करा आणि ओमिटेड बिल्टइनने तपासा. कोबॉल किंवा असेंब्लर कॉलर असेल तर प्रोसीजरवर डिस्क्रिप्टर येणार नाहीत हे सांगावं लागतं, म्हणजे ऑप्शन्स नोडिस्क्रिप्टर किंवा कोबॉल कॉलरसाठी ऑप्शन्स कोबॉल. हे नसताना कॅरेक्टर स्टार पॅरामीटर ठेवलात तर लांबी कुठून येणार, ती यायची जागाच रिकामी आहे.

*सी.* ३१ बिटमध्ये वरचा बिट ऑन असलेल्या पॉइंटरमधून डेटा वाचला तरी चालतं, हार्डवेअर तो बिट बघत नाही. म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. पण तोच पॉइंटर नलशी ताडला, दुसऱ्या पॉइंटरशी ताडला किंवा वजाबाकीत वापरला की उत्तर चुकतं. आत शिरल्या शिरल्या मास्क करा, म्हणजे तो बिट काढा, मग वापरा.

सावधान: कोबॉलची स्ट्रिंग शून्य बाइटने संपत नाही. सीमध्ये स्ट्रलेन लावलात तर ते पुढच्या फील्डमध्ये चालत राहणार. एकतर कोबॉलमधून झेड लिटरल (शून्य बाइटने संपणारं) पाठवा किंवा लांबी वेगळी द्या.

टप्पा ५: लांबी वेगळी पाठवा

संख्या कमीजास्त असणं एक आणि एकेका पॅरामीटरची लांबी कमीजास्त असणं दुसरं. दुसऱ्यासाठी बिटचा काही उपयोग नाही. कोबॉलमधून लेंग्थ ऑफ अमुक बाय कंटेंट पाठवून लगेच ते फील्ड बाय रेफरन्स पाठवा, जोडीजोडीने. ऑकर्स डिपेंडिंग ऑन असलेल्या, म्हणजे काउंटरप्रमाणे आकार बदलणाऱ्या ग्रुपचं लेंग्थ ऑफ त्या क्षणाची लांबी देतं, म्हणून काउंटरची किंमत कॉलच्या आधी बसवा, नंतर नाही.

जेसीएलमधला (जॉब चालवायच्या स्क्रिप्टमधला) पार्म हे याचंच नेहमीचं रूप. रजिस्टर १ कडून एका वर्डची लिस्ट, तिचा बिट ऑन, त्या ऍड्रेसला दोन बाइटची लांबी आणि मग अक्षरं. एक्झेकवरच्या पार्मची कमाल लांबी १०० अक्षरं. लांबीत स्वतःच्या दोन बाइट धरलेल्या नसतात, आणि लांबी शून्य असेल तर पुढचं टेक्स्ट वाचायचं नाही. हाच प्रोग्रॅम दुसऱ्या कोबॉल प्रोग्रॅममधून कॉल करताना लोक नुसतं १०० अक्षरांचं फील्ड पाठवतात आणि पहिली दोन अक्षरं लांबी म्हणून वाचली जातात. समजा ती दोन अक्षरं स्पेस आहेत, म्हणजे हेक्स ४०४०, तर लांबी होते १६४४८. पुढचं सांगायला नको.

टप्पा ६: कोबॉलला खरोखर कितीही पॅरामीटर घ्यायचे असतील तर मधे स्टब (छोटा मधला प्रोग्रॅम) घाला

जुने कॉलर बदलता येत नाहीत, संख्या पाठवत नाहीत, आणि नवा सबप्रोग्रॅम कोबॉलमध्येच हवा आहे, अशी वेळ येते. तेव्हा कोबॉलच्या डोक्यावर हे ओझं टाकू नका. पंचवीस-तीस ओळींचा असेंब्लर स्टब लिहा, ज्याला जुन्या सबप्रोग्रॅमचं नाव द्या. तो टप्पा ४ मधला लूप चालवतो, बिट काढलेले ऍड्रेस एका टेबलमध्ये भरतो, मोजतो, आणि मग कोबॉलला दोनच पॅरामीटर देतो: संख्या आणि पॉइंटरचं टेबल. कोबॉलमध्ये युसेज पॉइंटरचं ऑकर्स टेबल लिंकेज सेक्शनला लिहा, आणि सेट ऍड्रेस ऑफ करून एकेक फील्ड वाचा.

मला हा उपाय सगळ्यात स्वच्छ वाटतो, कारण बिटचं सगळं गणित एकाच ठिकाणी राहतं.

सावधान: वरचा कॉलर एलई (लँग्वेज एन्व्हायर्नमेंट, सगळ्या भाषांचा सामायिक रनटाइम) वातावरणात चालत असेल तर स्टबही एलईला धरून लिहा, सीईईएन्ट्री मॅक्रोने, मेन=नो देऊन. रजिस्टर १२ आणि १३ ची मोडतोड केली तर ऍबेंड स्टबमध्ये न येता कुठेतरी तिसरीकडेच येतो आणि शोध चुकीच्या दिशेने जातो. स्टब रीएंट्रंट ठेवा, टेबल स्वतःच्या कोडमध्ये नको.

टप्पा ७: ६४ बिटला जाताय तर

एमोड ६४ मध्ये, म्हणजे ६४ बिट ऍड्रेसच्या मोडमध्ये, वरचा बिट लावलेला चार बाइटचा ऍड्रेस तसाच वापरला तर तो बिट ऍड्रेसचा भाग धरला जातो, आणि ऍड्रेस २ जीबीच्या वर जातो. सॉक फोर. शिवाय आठ बाइटच्या लिस्टमध्ये ही खूणच वापरत नाहीत. म्हणजे संख्या पाठवण्याला पर्याय नाही. टप्पा १ मध्ये संख्या आधीच ठेवली असेल तर इथे करार बदलावा लागत नाही, फक्त लिस्टची रुंदी बदलते.

टप्पा ८: टेस्ट आणि डंप

नुसतं नेहमीचं उदाहरण चालवून टेस्ट झाली म्हणू नका. प्रत्येक भाषेच्या कॉलरकडून हे चालवा: शून्य पॅरामीटर (करारात बसत असेल तर), किमान संख्या, कमाल संख्या, मधला गाळलेला, शेवटचा गाळलेला, आणि एकाच रनमध्ये आधी जास्त मग कमी मग परत जास्त. शेवटचा प्रकार शिळा बिट पकडतो, तो बाकी कशात सापडत नाही. मुद्दाम व्हीएल न लावलेला एक असेंब्लर कॉलरही चालवा, कमाल संख्येची तपासणी काम करते का ते कळेल.

तरीही ऍबेंड आला तर डंप असा वाचा. रजिस्टर १३ कडून मागच्या सेव्ह एरियाकडे जा, म्हणजे कॉलरच्या सेव्ह एरियाकडे. तिथे ऑफसेट १२ ला रजिस्टर १४, १६ ला १५, २० ला ० आणि २४ ला रजिस्टर १, सगळी कॉलच्या क्षणाची. ऑफसेट २४ वरचा ऍड्रेस म्हणजे लिस्ट. तिथून वर्ड वाचत जा आणि ८ ने किंवा त्यापुढच्या हेक्स अंकाने सुरू होणारा पहिला वर्ड शोधा. तो करारातल्या संख्येच्या आधीच मिळाला तर कॉलरकडून एकतर कमी पॅरामीटर आलेत, किंवा शिळा बिट आहे, किंवा बाय व्हॅल्यूने ऋण आकडा आलाय, आणि त्या वर्डच्या पुढच्या वर्डमध्ये खरे ऍड्रेस दिसतात का यावरून पहिलं कारण की बाकीची दोन याचा अंदाज येतो. मिळालाच नाही तर व्हीएल राहिलंय, रजिस्टर १४ च्या ऍड्रेसवरून कॉल करणारी ओळ काढा आणि तिथला मॅक्रो बघा. बिट अगदी योग्य जागी असेल तर लिस्टचा नाद सोडा आणि प्रकार, लांबी, डिस्क्रिप्टर याकडे वळा. तिथे सॉक फोरपेक्षा सॉक सेव्हनच जास्त वेळा दिसतो, पॅक्ड समजून भलतीच बाइट वाचल्यामुळे.